यादीत नसलेलं काम

मला चाळीस पूर्ण झाली, त्यानंतरच्या पगाराच्या स्लिपवर एक नवी ओळ आली. आरोग्य विमा, पेन्शन, रोजगार विमा, प्राप्तिकर, रहिवासी कर या ओळखीच्या कपातींच्या मधोमध चार कांजी अक्षरं होती: काइगो होकेन. काइगो म्हणजे शुश्रूषा, होकेन म्हणजे विमा. जपानमध्ये चाळिशी गाठलेल्या प्रत्येकाला हा विमा भरावा लागतो, इथे राहणाऱ्या परदेशी माणसालाही. नको म्हणायची सोय नाही. पगाराच्या दीड टक्क्याहून थोडं जास्त, त्यातला अर्धा भार कंपनीचा.

त्या रविवारी आईला फोनवर सांगितलं. ती संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत एकटी राहते.

"म्हणजे तिकडच्या म्हाताऱ्या माणसांसाठी तू पैसे भरणार?"

"हो."

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरंय गो. कुणाच्या तरी कामी येतायत."

त्यात तक्रार नव्हती. तिला खरंच बरं वाटलं असावं. पण सहा वर्षं झाली, ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. दर महिन्याला स्लिप आली की डोळे आधी त्याच ओळीवर जातात.

मी टोकियोच्या पूर्व भागात एका दान्चीत राहते. दान्ची म्हणजे जपानच्या भरभराटीच्या काळात सरकारी संस्थांनी बांधलेल्या घरांची वसाहत. पाच मजली एकसारख्या इमारती, लिफ्ट नाही, मध्ये चेरीची झाडं आणि मुलांसाठी घसरगुंडी. घसरगुंडीवर आता मुलं फारशी दिसत नाहीत. सकाळी साडेसहाला रेडिओवरच्या व्यायामाला मात्र पंचवीस-तीस माणसं जमतात, आणि त्यांत साठीच्या आतलं बहुधा कुणीच नसतं.

शेजारच्या घरात शहाऐंशी वर्षांच्या आजी राहतात. आमच्या दोघींच्या गॅलऱ्यांमध्ये एक पातळ फळी आहे. तिच्यावर लिहिलंय की आग लागली तर ही फळी फोडून पलीकडे जावं. जपानमधल्या बहुतेक इमारतींत अशी फळी असते. आजी मूळच्या उत्तरेकडच्या अकिताच्या. शाळा संपताच, पंधराव्या वर्षी, गावातल्या इतर पोरापोरींबरोबर नोकरीसाठी सोडलेल्या खास गाडीत बसून त्या टोकियोच्या उएनो स्टेशनवर उतरल्या. शहरातल्या कारखान्यांना आणि दुकानांना तेव्हा अशी पोरं हवीच होती. पुढे तर त्यांना 'सोन्याची अंडी' म्हणू लागले. त्यांनी हे सांगितलं तेव्हा मला माझे आजोबा आठवले. तेही असेच बोटीनं मुंबईला उतरले होते आणि परळच्या गिरणीतून गावाला मनीऑर्डरी करत राहिले. अकितात आज दर दहांतली जवळपास चार माणसं पासष्टीच्या पुढची आहेत, देशात सर्वांत जास्त. आजींचं माहेरचं घर बंद आहे. २०२३च्या गणनेनुसार देशात अशी रिकामी घरं ९० लाख, म्हणजे एकूण घरांपैकी दर सातांमागे एक. आमच्या वाडीत मी लहानपणी खेळले त्या अकरा घरांपैकी सहांना कुलूप आहे. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आधीपेक्षा घटलेली निघाली होती. त्यामुळे जपानबद्दल 'म्हातारा होत चाललेला देश' असं कुणी नवल म्हणून सांगितलं की मला ते नवल वाटत नाही. मी ते पाहतच मोठी झाले.

नवल आहे ते निराळं. या देशानं ते पाहिलं, मान्य केलं आणि त्यासाठी कायदा केला.

आजींनी सासूची शुश्रूषा नऊ वर्षं केली. सासू अंथरुणाला खिळलेली, नवरा रात्री अकराला घरी येणारा. घरातल्या सुनेनं हे करायचं, त्यात चर्चेचा विषयच नाही. सरकारकडे उत्तर होतं ते इस्पितळाचं. १९७३ साली सत्तरीपुढच्यांना औषधोपचार मोफत झाले. त्या वर्षाला 'कल्याणाचं पहिलं वर्ष' असं नाव पडलं. परिणाम असा झाला की ज्यांना इलाजाची नव्हे तर सांभाळणाऱ्याची गरज होती, ते म्हातारे महिनोन् महिने इस्पितळाच्या खाटांवर पडून राहू लागले. खर्च पेलवेना, दहा वर्षांत मोफत योजना बंद झाली. सुना तिथेच राहिल्या.

मग १ एप्रिल २००० रोजी काइगो विमा सुरू झाला. अर्धा पैसा करांतून, अर्धा विम्याच्या हप्त्यांतून. म्हातारपणी गरज लागली की अर्ज करायचा, घरी येऊन तपासणी होते, गरजेप्रमाणे सातांपैकी एक पायरी ठरते आणि केअर मॅनेजर आठवड्याचं वेळापत्रक आखून देतो. कोणत्या दिवशी मदतनीस येईल, कोणत्या दिवशी गाडी येऊन आंघोळीला नेईल, घरात कुठे दांडी बसवायची. वापरणाऱ्यानं खर्चाचा दहावा हिस्सा द्यायचा. उत्पन्न जास्त असेल तर दोन किंवा तीन दशांश. आज सुमारे ७० लाख माणसं या पायऱ्यांवर आहेत. म्हाताऱ्या आईबापांना सांभाळणं हे एका घराचं, त्यातही एका बाईचं, काम नसून सगळ्या समाजाचं काम आहे, असं एखाद्या देशानं कायद्यानं म्हणावं, याचा मला मनापासून आदर वाटतो. सासूचं सगळं करून त्या वेळी साठीला टेकलेल्या आजी म्हणाल्या होत्या, "माझ्या वेळी हे नव्हतं. पण माझ्यासाठी आहे."

त्यांच्या घरी मदतनीस बाई आठवड्यातून तीन दिवस येतात. येण्याची वेळ मिनिटांत मोजलेली असते. अंगाला हात लावून करायच्या कामाचे दर वेगळे, घरकामाचे वेगळे. घरकामात वीस ते पंचेचाळीस मिनिटं हा एक गट आणि त्यापुढचा दुसरा. पंचेचाळीस मिनिटांत त्या बाई केर काढतात, भात लावतात, मिसो सूप करतात, कपडे वाळत घालतात आणि शेवटी नोंदवहीत काय काय केलं ते लिहितात. काय करायचं नाही याचीही यादी आहे. खिडक्यांच्या काचा पुसायच्या नाहीत. घरात दुसरं कुणी असेल तर त्याचा स्वयंपाक करायचा नाही. कुत्र्याला फिरवायचं नाही. बागेतलं तण काढायचं नाही, झाडांना पाणी घालायचं नाही. जगण्यासाठी जे लागतं तेवढ्याचाच खर्च सगळ्यांच्या हप्त्यांतून करायचा, बाकीच्याचा नाही, असा त्यामागचा विचार. हिशेब म्हणून तो मला कळतो. हप्ता तर माझाही आहे.

पण आजींच्या गॅलरीत सोळा कुंड्या आहेत. गुडघ्यांमुळे त्यांना झारी उचलवत नाही. ज्या दिवशी मला हे कळलं त्या दिवसापासून त्या कुंड्या फळीकडे सरकवून ठेवतात आणि मी लांब तोटीच्या झारीनं कडेच्या फटीतून पाणी घालते. चार मिनिटं लागतात.

त्या मदतनीस बाईंशी माझी जिन्यात ओळख झाली. पन्नाशीतल्या, नवरा एका कंपनीत. नोव्हेंबर संपत आला की त्यांचे दिवस कमी होतात, हे मी दोन वर्षं पाहत होते. तब्येत असेल असं वाटलं. एकदा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "भिंत आहे ना."

जपानी बायकांच्या तोंडी हा शब्द सारखा असतो. नवरा नोकरदार असेल आणि बायकोची कमाई वर्षाला १३ लाख येनच्या आत असेल, तर तिला पेन्शनचा आणि आरोग्य विम्याचा हप्ता स्वतः भरावा लागत नाही. ती नवऱ्याच्या आधारानं विम्यात असते. १९८६पासून पेन्शनची ही रीत आहे. तेव्हा घरी राहणाऱ्या गृहिणीला म्हातारपणी स्वतःच्या नावावर पेन्शन मिळावी हा उद्देश होता, आणि तो चांगला होता. पण कमाई त्या रेषेच्या थोडी जरी वर गेली तरी हप्ते सुरू होतात आणि हातात आधीपेक्षा कमी पैसे येतात. मोठ्या कंपन्यांतल्यांना ती रेषा याहून खाली लागते. म्हणून लाखो बायका वर्षाच्या शेवटी आकडा मोजतात आणि कामाचे तास कमी करतात. प्राप्तिकराची मर्यादा अलीकडे वर नेली आहे, हप्त्यांची भिंत मात्र उभीच आहे.

मी घरी आले आणि बराच वेळ स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले. सरकारचाच अंदाज आहे की २०४० साली शुश्रूषेच्या कामाला २७ लाख २० हजार माणसांची गरज लागेल आणि त्यांतली ५ लाख ७० हजार कमी पडतील. घरी जाऊन सेवा देणाऱ्यांची टंचाई तर आत्ताच एवढी आहे की एका माणसामागे दहाहून जास्त नोकऱ्या उभ्या आहेत. दर वर्षी सुमारे एक लाख माणसं आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी नोकरी सोडतात. आणि ज्या बाईला काम येतं, ज्या बाईला ते करायचं आहे, तिला तोच देश डिसेंबरमध्ये सांगतो की आता घरी बस. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही. एक नियम एका काळात एका चांगल्या कारणासाठी झाला, दुसरा नियम दुसऱ्या काळात, आणि दोन्ही एकमेकांकडे न बघता चालत राहिले. दोन्हींच्या मुळाशी मात्र एकच समजूत आहे: बाईचं काम हे जोडीला केलेलं काम, खरी कमाई नवऱ्याची. या समजुतीला धक्का न लावता कितीही हप्ते गोळा केले तरी हात मिळणार नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. २०२४च्या एप्रिलमध्ये घरी जाऊन दिल्या जाणाऱ्या सेवेचे मूळ दर सरकारनं चक्क कमी केले. त्या वर्षी शुश्रूषा सेवा देणाऱ्या १७२ संस्थांनी दिवाळं काढलं, विमा सुरू झाल्यापासून तोवरचा सर्वाधिक आकडा.

दर वर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारी इथे वृद्धांच्या सन्मानाचा दिवस असतो. त्या वर्षी शंभरी गाठणाऱ्यांना पंतप्रधानांकडून साके पिण्याची चांदीची वाटी मिळते. ही प्रथा १९६३ साली सुरू झाली तेव्हा देशभरात शतायुषी माणसं होती १५३. २०२४ साली ती ९५ हजारांच्या वर गेली, आणि त्यांतल्या दहापैकी जवळपास नऊ बायका. २०१६पासून वाटी शुद्ध चांदीची राहिली नाही, वरून चांदीचा मुलामा दिलेली असते. मला ही गोष्ट बोचत नाही. इतकी माणसं शंभरी गाठतायत की चांदी परवडत नाही, याहून मोठं यश एखाद्या देशाचं काय असणार!

पाळणे हलत नाहीत ही गोष्ट मात्र बोचते. इथे पंचांगातल्या साठ वर्षांच्या चक्रात 'हिनोएउमा' म्हणजे अग्नी आणि अश्व यांचं एक वर्ष येतं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याचा घात करते अशी समजूत आहे, आपल्याकडच्या मंगळासारखी. १९६६ साली हे वर्ष आलं तेव्हा लोकांनी मुलंच होऊ दिली नाहीत आणि जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.५८वर घसरला. १९८९ साली पंचांगात तसं काही नसताना तो १.५७ झाला, आणि देश हादरला. २०२४ साली तो १.१५ होता. त्या वर्षी जन्मलेली मुलं ७ लाखांच्याही आत. १९४९ साली जन्मली होती सुमारे २७ लाख.

यावर बोलताना इथले पुढारी तरुणांना दोष देतात तेव्हा मला माझी एक सहकारी आठवते. आम्ही एकाच वर्षी जन्मलो. ती २००१ साली टोकियोत पदवीधर झाली, मी पुण्यात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जमिनी आणि शेअरच्या भावांचा फुगा फुटल्यावर कंपन्यांनी जुन्या कामगारांना काढलं नाही, नव्यांना घेणंच बंद केलं. १९९३ ते २००४च्या आसपास शिक्षण संपवलेल्या त्या पिढीला इथे 'नोकरीच्या हिमयुगातली पिढी' म्हणतात. जपानमध्ये पक्की नोकरी मिळते ती पदवी घेतल्याबरोबर. ती गाडी चुकली की पुढच्या स्टेशनवर थांबत नाही. माझी सहकारी वीस वर्षं सहा-सहा महिन्यांच्या करारावर काम करत आली. लग्न केलं नाही. "कशाच्या जिवावर करणार होते?" असं ती एकदाच म्हणाली.

आणि त्याच सुमारास, ऑगस्ट २०००मध्ये, जपानचे पंतप्रधान मोरी बंगळूरला जाऊन भारतीय संगणक अभियंत्यांना या म्हणून सांगत होते. जपानी शिकलेल्या आम्हा पुण्याच्या मुलामुलींना त्या वाऱ्याचा फायदा झाला. २००२ साली मी इथे आले. मी तिची जागा घेतली असं नाही. तिचं शिक्षण वाङ्मयाचं. पण देशाला माणसं हवी होती आणि देशाची माणसं दाराबाहेर उभी होती, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जन्माचा दुसरा मोठा भर आला होता, त्या मुलांनी तिसरा भर आणायचा होता. तो आलाच नाही. ज्यांनी आणायचा त्यांचीच तर नोकरीची दारं बंद झाली होती. नंतर २०२३ साली मुलांसाठी वेगळं सरकारी खातं निघालं, भत्ते वाढले. वीस वर्षं उशिरा.

आता हात बाहेरून येतायत. २०१९पासून शुश्रूषेसह ठरावीक कामांसाठी नवा व्हिसा आहे. एप्रिल २०२५पासून या व्हिसावर आलेल्या मुलींना लोकांच्या घरी जाऊनही शुश्रूषा करता येते. आमच्या बसस्टॉपवर सकाळी म्यानमारच्या दोन मुली असतात, हातात वही घेऊन बिछान्यावरच्या जखमेला जपानीत काय म्हणतात ते पाठ करत. त्याच वर्षी जुलैच्या निवडणुकीत 'आधी जपानी' म्हणणाऱ्या पक्षाला वरच्या सभागृहात १४ जागा मिळाल्या. त्या दिवसांत स्टेशनसमोर भाषण चालू होतं. मी मान खाली घालून पुढे गेले आणि घरी आल्यावर त्याचीच लाज वाटली. तेवीस वर्षं मी इथे कर भरते. त्या मुली कुणाच्या तरी आजीचे पाय चोळायला निघालेल्या असतात. त्यांच्या आयांचे पाय मंडालेत कोण चोळतं, हा प्रश्न भाषण करणाऱ्यालाही पडत नाही आणि व्हिसा देणाऱ्यालाही.

माझ्या आईचे पाय शेजारची वहिनी चोळते. पैसे घेत नाही. तिलाही सांधेदुखी आहे, तिचा मुलगा ठाण्याला.

आमच्या दान्चीत एक मिनसेई-इइन आहेत, चौऱ्याहत्तर वर्षांचे. हा जपानचा जुना आणि मला फार आवडणारा प्रकार. आपल्या भागातली काही घरं वाटून घ्यायची, कोण एकटं आहे, कुणाचा दिवा दोन दिवस लागला नाही हे बघायचं, आणि पगार काही नाही. देशभरात असे सव्वादोन लाखांच्या आसपास लोक आहेत. याची सुरुवात १९१७ साली ओकायामात झाली. पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या बागेवरून केलेलं मैत्री उद्यान आहे. बरीच वर्षं ओकायामाबद्दल मला एवढीच बाग ठाऊक होती. आता मिनसेई-इइनच्या हजारो जागा भरत नाहीत. जे आहेत तेच म्हातारे झालेत. पोलिसांनी पहिल्यांदा वर्षभराची मोजणी जाहीर केली ती २०२४ सालची: घरात एकटं असताना मेलेली ७६ हजारांहून अधिक माणसं, त्यांतली तीन चतुर्थांश पासष्टीच्या पुढची. आमचे मिनसेई-इइन दर बुधवारी चार जिने चढून जातात. त्यांच्या घरी कोण येणार, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

गेल्या ऑक्टोबरात आजींची पायरी पुन्हा ठरवायची वेळ आली. मुलगा ओसाकाला, त्याला येता आलं नाही, म्हणून आजींनी मला बसायला बोलावलं. तपासणीला आलेल्या बाई मृदू होत्या. चौऱ्याहत्तर प्रश्नांचा तक्ता असतो. हात वर करता येतो का, एका पायावर उभं राहता येतं का, नखं स्वतः कापता का, सकाळी काय खाल्लं. आजींनी त्या दिवशी केस नीट बांधले होते, चांगला स्वेटर घातला होता. एरवी भिंतीला धरून उठणाऱ्या आजी त्या दिवशी काही न धरता उठल्या. पाहुण्यांपुढे गबाळेपणानं बसायचं नाही, ही शहाऐंशी वर्षांची सवय. मी त्या बाईंना हळूच म्हटलं की रोज असं नसतं. त्यांनी कोपऱ्यात काहीतरी लिहून घेतलं.

"आत्ता कोणता ऋतू आहे?" त्यांनी विचारलं.

आजींनी गॅलरीकडे पाहिलं. "शरद. शेवंतीला कळ्या धरल्यात, उमलायला पंधरा दिवस आहेत."

महिन्याभरानं पालिकेचं पत्र आलं. आजी एक पायरी खाली आल्या होत्या, शुश्रूषेच्या गटातून मदतीच्या गटात. त्या गटाच्या सेवा पालिकेच्या वेगळ्या योजनेतून मिळतात, आणि तीन दिवसांचा एक दिवस झाला. दाद मागता येते, असं केअर मॅनेजरनी समजावलं. आजी म्हणाल्या, माझ्यापेक्षा जास्त गरजेचे असतील, त्यांना मिळू दे. मी रागावले. तुम्ही त्या दिवशी भिंत का धरली नाहीत, असं बोलून गेले आणि लगेच माफी मागितली. नव्यानं तपासणीचा अर्ज मी भरून ठेवला आहे. सही त्यांनी अजून केलेली नाही.

डिसेंबर आहे. मदतनीस बाई भिंतीपाशी पोहोचल्यात, जानेवारीपर्यंत येणार नाहीत. त्यांच्या जागी कुणी मिळालेलं नाही. रात्री कामावरून आले की मी आधी झारी भरते. पलीकडून कुंडी सरकवल्याचा आवाज येतो, आता त्याला पूर्वीपेक्षा वेळ लागतो. शेवंती उमलून गेली आहे, तरी त्या पाणी घालायला लावतात, मुळं जिवंत असतात म्हणून. मी फटीतून तोटी आत घालते. फळीपलीकडून त्या सांगतात, "थोडं डावीकडे." मग, "पुरे, पुरे. खालून वाहायला लागलं."